तिसरा मजला, मागची खोली

५ फेब्रुवारी

ताई,

पत्राला कारण म्हणजे मी घाबरलेय. खुशाली मागून विचारते.

फोन करायचा नाही असं तूच सांगितलंस. आठ महिन्यांपूर्वी गोटीला कडेवर घेऊन मी नवऱ्याच्या घरातून निघाले, तेव्हा तू पहिलं काम केलंस ते माझा फोन काढून घ्यायचं. त्याच्या आधीच्या खेपेला त्याने मला फोनवरूनच हुडकलं होतं ना. म्हणून हा कागद. अक्षर बघून हसू नको. सातवीत शाळा सुटली, त्यानंतर पेन धरलं ते थेट इथे, हॉस्पिटलच्या धुलाईघरात, चादरींचे नंबर लिहायला.

झालं असं. गोटीला लस टोचायला दवाखान्यात नेलं. नर्सबाई म्हणाली, आता सगळं सरकारी साइटवर असतं, पुढची तारीख तिथेच बघायची. प्रत्येक पोराला जन्मल्यावर एक नंबर देतात, तोच कायम. नर्सबाईने गोटीचा नंबर एका चिठ्ठीवर लिहून दिला आणि माझा नवीन पत्ता विचारला. मी सांगितला. न सांगून करते काय, पत्त्याशिवाय पोराला हात लावत नाहीत.

ती चिठ्ठी माझ्या कामाच्या झग्याच्या खिशात राहिली आणि झगा धुवायला गेला. दिवसभर दुसऱ्यांचे खिसे तपासते आणि स्वतःचा तपासला नाही, अशी मी हुशार. शेवटचा आकडा पुसला गेला. तीन का आठ, कळेना. आमच्याकडे रफूवाल्या मावशी आहेत, फाटलेल्या चादरी शिवतात. त्यांच्या फोनवर साइट उघडली आणि आठ टाकला. तर कोणाचं तरी भलतंच पोर निघालं. त्याचं नाव, जन्मतारीख, आईचं नाव, गल्ली, घर, फोन नंबर. पानभर सगळं. पासवर्ड नाही, ओटीपी नाही, तू कोण गं बाई असं विचारायलाही कोणी नाही.

मग मी नऊ टाकला. का टाकला विचारशील. सवय, दुसरं काय. आमच्या चादरीच्या कोपऱ्यात नंबर शिवलेला असतो. एकामागून एक लावत जायचे, मधला गायब असला की शोधायचा. हात आपोआप पुढे जातो. तर दुसरी आई निघाली. पुढचा टाकला, तिसरी. ताई, चहा निवेपर्यंत मी चौदा आया बघितल्या.

मग परत मागे येऊन तीन टाकला, तर तिथे मीच निघाले. माझं नाव, गोटीचं नाव, गल्ली, घर, आणि शेवटी 'तिसरा मजला, मागची खोली'.

गोटीचं जन्माचं कार्ड नवऱ्याकडे राहिलंय. कपाटाच्या वरच्या खणात. त्याच्यावर हाच नंबर आहे.

आता नीट ऐक. तुझं जे कम्प्युटरच्या बातम्यांचं वर्तमानपत्र आहे, त्यात यातलं एक अक्षर छापू नको. तो दिवसभर फोनमध्ये डोकं खुपसून असतो. नवा मोबाइल आला की दुकानदाराच्या आधी त्याला कळतं, आणि कळतं ते तुमच्याचकडून. नंबर टाकला की पत्ता मिळतो हे त्याला अजून माहीत नसणार. तू छापलंस की होईल. मला फक्त एवढं सांग, माझं नाव तिथून पुसायचं कसं? गोटीचा नंबर मागच्या बाजूला लिहिलाय, तू बघून घे.

उत्तर मावशींच्या नावाने धुलाईघरात पाठव. कोपरा ओला दिसतोय तो गोटीने चावलाय.

तुझी
बारकी

९ फेब्रुवारी

बारके,

अक्षराला मी हसेन होय? माझ्या शेजारी एक मोबाइलवाला बसतो, नवे मोबाइल तपासून त्यांच्यावर लिहितो. दोन पदव्या आहेत आणि त्याचं अक्षर मेलेल्या मुंगळ्यांसारखं. तुझं त्याच्यापुढे मोत्याचं.

आता कामाचं. तू बघितलंस ते शंभर टक्के खरं आहे. मी फक्त गोटीचा नंबर टाकून बघितला, बाकी कोणाचा नाही. तूही आता पुढचे नंबर टाकणं बंद कर. चुकून दिसलं ते वेगळं, पण उद्या उलट तुझ्यावरच बोट ठेवतील.

हे भोक फार मोठं आहे गं. त्या साइटवर लाखो पोरं आहेत, म्हणजे लाखो आया. शहाण्या माणसाने एका दुपारी सगळी यादी उतरवून घेतली तरी कोणाला पत्ता लागायचा नाही.

काल मीटिंगमध्ये विषय काढला, तुझं नाव न घेता. मोबाइलवाला म्हणाला, "आपण कॅमेरे आणि बॅटऱ्या तपासणारी माणसं. सरकारची दारं-खिडक्या तपासायला आपल्याला बसवलंय कोणी?" मी म्हटलं, "दारं-खिडक्या कम्प्युटरच्या आहेत ना? मग सुताराने तपासायच्या का?" आमचे थोरले साहेब, म्हणजे संपादक, चष्मा पुसत म्हणाले, "चोराला वाट दाखवायची आणि वर तिला बातमी म्हणायचं, हे मला पटत नाही." मी म्हटलं, "साहेब, चोर आपल्या बातमीची वाट बघत बसत नाही. माहीत नसतं ते घरातल्या माणसांना." तासभर हेच चाललं. लहानपणी बाबा मला वकीलीण म्हणायचे, ते उगाच नाही. शेवटी साहेब तयार झाले. वीस तारखेला छापायचं ठरलंय. साइट चालवणाऱ्या खात्यालाही उद्या पत्र टाकते.

तू अजिबात घाबरू नको. तुझं नाव, गाव, काम, काही येणार नाही. 'एका आईच्या लक्षात आलं', बस एवढंच.

नाव पुसायचं म्हणशील तर दवाखान्यात विचार. नाहीतर त्याच साइटवर खाली तक्रारीचा रकाना आहे, तिथे सगळं कारण सविस्तर लिही. कारण दिलं की त्यांना ऐकावंच लागतं.

गोटीला म्हणावं, पुढचा कागद जाड पाठवते, चावायला.

ताई

१३ फेब्रुवारी

ताई,

थांब. हे पत्र मिळाल्यावर आधी थांब, मग बाकीचं वाच.

'तुझं नाव येणार नाही' म्हणतेस. नावाची भीती कोणाला आहे? माझं नाव त्याला तोंडपाठ आहे. तू लिहिणार की नंबर टाकला की पत्ता दिसतो. तो वाचणार, उठणार आणि कपाट उघडणार. तुला तासभर वाद घालून बरं वाटलं असेल. तू तिथे पंख्याखाली बसून चोराबद्दल बोलतेस. माझ्या चोराला मी जेवायला वाढलंय दोन वर्षं. दार वाजलं की मी गोटीच्या तोंडावर हात ठेवते. तिला आता तो खेळ वाटतो, ती स्वतःच हात ठेवते तोंडावर.

रागावले आहे. लिहिलंय ते खोडत नाही.

तू सांगितलंस तसं दवाखान्यात गेले. नर्सबाई भली आहे. म्हणाली, "मी खोटा पत्ता टाकून देते, सोड." टाकायला गेली तर साइट तिलाही बदलू देईना. पत्ता एकदा भरला की बदलायचा अधिकार वरच्या ऑफिसला. वरच्या ऑफिसात गेले. खिडकीतला कारकून म्हणाला, "पत्ता बदलायला नव्या पत्त्याचा दाखला आणा."

मी म्हटलं, "बदलायचा नाही हो, लपवायचाय."

"लपवायचा रकाना नाही."

"पण तो सगळ्यांना दिसतोय."

"बाई, सगळ्यांना एवढा वेळ आहे का तुमचा पत्ता बघत बसायला?"

मागच्या रांगेतले हसले. मीही हसले, काय करणार. मग म्हणाला, तक्रार असेल तर साइटवरच करा, इथे कागद घेत नाही.

मग मी मावशींच्या फोनवरून तो रकाना भरला. तू म्हणालीस सविस्तर लिही. मी सविस्तर लिहिलं. की माझा नवरा मारतो, मी पोरीला घेऊन लपून राहते, त्याच्याकडे कार्ड आहे, माझा पत्ता कृपा करून कोणाला दाखवू नका. अर्धा तास लागला. मावशींनी वाचून दाखवलं, दोघी रडलो, मग बटण दाबलं.

आज परत गोटीचा नंबर टाकून बघितला, पुसलं का म्हणून. पत्ता आहे तिथेच आहे. त्याच्या खाली नवीन ओळ आलीय, 'आलेली तक्रार'. आणि त्याच्याखाली माझं सगळं लिहिलेलं. शब्द न् शब्द. नवरा मारतो, लपून राहते, सगळं. वर पत्ता, खाली कारण.

आता कोणीही वाचू शकतं, ताई. तोही.

बारकी

१६ फेब्रुवारी

बारके,

तुझं पत्र वाचून मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन बसले. मोबाइलवाला पाणी घेऊन आला.

सविस्तर लिही असं तुला मी सांगितलं. जी साइट पत्ता झाकत नाही ती तक्रार काय झाकणार, हे पंधरा वर्षं या धंद्यात असलेल्या बाईला सुचायला हवं होतं. तोंड वर करून सल्ला दिला मी. चूक माझी. तुझा राग खोडू नको, राहू दे.

आता एक ऐक, आणि हा सल्ला नाही, हात जोडून सांगणं आहे. ती खोली सोड. हे पत्र हातात पडेल त्या दिवशी सोड. घरमालकिणीला काय सांगायचं ते नंतर बघू. नवी जागा कुठली ते मलासुद्धा लिहू नको. आणि नवा पत्ता नर्सबाईलाही देऊ नको.

सोबत एक कागद आहे. तुझं पान, तक्रारीसकट, मी आज छापून काढलंय, वर तारीख-वेळ आहे. जपून ठेव. ते लोक उद्या म्हणतील की असं काही नव्हतंच.

खात्याला पाठवलेल्या पत्राचं उत्तर आलं नाही म्हणून मी फोन केला. चार जणांनी एकमेकांकडे ढकलल्यावर एक साहेब मिळाले. म्हणाले, "तुम्ही ही माहिती बघितलीतच कशी? हा गुन्हा आहे."

मी म्हटलं, "माझ्या भाचीचं पान आहे. तिच्या आईने बघायला सांगितलं."

"मग भाचीपुरतं बोला."

"भाचीपुरतंच बोलतेय. तिच्या आईची तक्रार तुम्ही भिंतीवर चिकटवलीय."

मग म्हणाले, "हे बघा, छापू नका. छापलंत तर लोक गैरफायदा घेतील. आम्ही यथावकाश दुरुस्त करू." यथावकाश म्हणजे कधी विचारलं तर फोन ठेवला.

आता मला जे वाटतं ते सांगते, पण या वेळी ठरवणार तू. छापलं नाही तर ते दुरुस्त करणार नाहीत. ज्या गोष्टीची लाज कोणासमोर निघत नाही ती दुरुस्त कशाला होईल? मोठी वर्तमानपत्रं हे छापणार नाहीत, त्यांना यातलं कळत नाही. कळतं आम्हाला. आम्ही जर फक्त कुठल्या मोबाइलचा कॅमेरा चांगला एवढंच सांगत बसलो तर आमचं दुकान आहे, वर्तमानपत्र नाही. हे मी साहेबांनाही म्हणाले.

पण पहिल्या पत्रात तू म्हणालीस ते मी ऐकलं नव्हतं. आता ऐकलंय. साहेबांना सांगितलंय, बारकी हो म्हणेपर्यंत माझ्या हातून एक ओळ जाणार नाही. वीस तारीख रद्द.

नाही म्हणालीस तरी मी तुझी ताईच आहे.

ताई

२१ फेब्रुवारी

ताई,

खोली सोडली. अठरालाच. दोन पिशव्या आणि गोटी, एवढाच तर संसार. कुठे आहे ते लिहीत नाही, पण झोप लागते.

आता तुला एक सांगायचंय, ते सांगायला मला दोन दिवस लागले.

मी बघितलेल्या चौदातली एक आई मला आमच्याच दवाखान्यात भेटली. परवा रांगेत नर्सबाईने तिच्या पोराचं नाव पुकारलं आणि मी ओळखलं. मला तिचा घर नंबर पाठ होता, ताई. फोन नंबर पण, निम्मा. अनोळखी बाईचं एवढं सगळं माझ्या डोक्यात होतं आणि तिला पत्ता नव्हता. मी शेजारी जाऊन बसले आणि हळूच सांगितलं.

आधी तिला वाटलं मी काहीतरी विकायला आलेय. मग मी तिची गल्ली सांगितली. तिने पोराला जवळ ओढून घेतलं. तिचं काय आहे मला माहीत नाही, मी विचारलं नाही. तिने एवढंच विचारलं, "तुम्हाला हे कधी कळलं?"

मी म्हटलं, "दोन तारखेला."

ती बोटं मोजत बसली. मग म्हणाली, "सतरा दिवस? सतरा दिवस तुम्ही गप्प बसलात?"

मी सांगायला लागले की माझा नवरा असा, मला भीती वाटत होती. ती म्हणाली, "तुमचं खरं आहे बाई. पण मला सांगितलं असतंत तर मी काहीतरी केलं असतं. काय केलं असतं ते माझं मी बघितलं असतं." आणि पोराला उचलून लस न टोचताच निघून गेली.

दिवसभर मला तिचंच बोलणं ऐकू येत होतं. मशीनच्या आवाजातसुद्धा.

आमच्याकडे वॉर्डातून गाठोडी येतात. कधी कधी चादरीत इंजेक्शनची सुई राहून जाते. नियम असा की सुई दिसली की आधी मशीन बंद, मग मोठ्याने ओरडायचं, की सुई आहे, कोणी गाठोड्यात हात घालू नका. मी नवीन असताना एकीला सुई सापडली. सुपरवायझर बोलेल म्हणून तिने गुपचूप खिशात घातली. त्याच गाठोड्यात दुसरी होती. ती तिच्या शेजारणीच्या हातात घुसली. त्या शेजारणीला सहा महिने रक्त तपासत राहावं लागलं. काही निघालं नाही, पण सहा महिने तिने पोराला जवळ घेतलं नाही.

मी खिशात सुई घालून बसले होते ताई.

छाप.

पण मी सांगते तसं छाप. आधी मशीन बंद. त्या साहेबांना सांग, इतक्या दिवसांनी छापणार, तोवर साइट बंद करा. नुसतं 'दुरुस्त करा' म्हणू नको, ते यथावकाश करतील. बंदच करा म्हण. लस त्याच्याआधी कागदावर लिहून टोचतच होते की. आणि साइट बंद झाली की नाही ते मी बघत राहीन, फक्त गोटीचा नंबर टाकून, सकाळी कामाला लागताना आणि जेवणाच्या सुट्टीत. आणि नंबर टाकून कसं बघता येतं ते छापू नको. कोणती माहिती उघडी होती ते छाप.

आणि साधं लिही गं. तुमच्या बातम्या मावशींनी मला वाचून दाखवल्या, आम्हाला दोघींना काही कळलं नाही. ते डेटा न् बिटा लिहू नको. लिही, 'तुमच्या बाळाची नोंद या साइटवर असेल तर तुमच्या घराचा पत्ता कोणालाही दिसत होता. तुम्ही कोणापासून लपून राहत असाल तर आजच जागेचा विचार करा.' हे पहिल्या ओळीत. बाकी तुमचं ज्ञान खाली.

तशीही आमच्यासारख्या बायका तुमचं वर्तमानपत्र वाचत नाहीत. म्हणून ते वेगळं मोठ्या अक्षरात छापून माझ्याकडे पाठव. नर्सबाई दवाखान्याच्या दारावर लावायला तयार आहे. वरून ओरडा बसला तर म्हणते, "बसू दे, मला रोज बसतो."

तुझी
बारकी

२७ फेब्रुवारी

बारके,

काल छापलं. कात्रण सोबत आहे, पहिल्या दोन ओळी तुझ्याच. साहेबांनी त्यात एक स्वल्पविरामसुद्धा हलवू दिला नाही. मी एक हलवायला गेले तर म्हणाले, "लेखिकेला विचारलंस का?"

तुझं पत्र चोवीसला सकाळी मिळालं. दुपारीच खात्याला लेखी कळवलं, अठ्ठेचाळीस तासांत साइट बंद करा, मग आम्ही छापणार. त्या साहेबांनी परत फोन केला, या वेळी स्वतःहून. आधी धमकी, मग विनंती, मग परत धमकी. मी म्हटलं, "तुमच्या साइटवर एक सुई आहे. आधी मशीन बंद करा, मग माझ्यावर ओरडा." त्यांना काही कळलं नाही, पण माझ्या आवाजावरून काहीतरी कळलं असावं. सव्वीसला सकाळी अकराला साइट बंद झाली. 'देखभालीसाठी बंद' अशी पाटी. तू जेवणाच्या सुट्टीत बघितली असशीलच. आम्ही बारा वाजता बातमी ऑनलाइन लावली, आज अंकातही आली.

संध्याकाळपर्यंत दोन मोठ्या वर्तमानपत्रांनी उचलली. ज्या मोबाइलवाल्याला दारं-खिडक्या नको होत्या, तो आज आल्यागेल्याला सांगतोय, "आम्ही उघडकीला आणलं." मी म्हटलं, सांगू दे, तो पाणी घेऊन आला होता ते लक्षात आहे.

एक तुला सांगितलं नव्हतं. त्या खात्याने आमच्या मालकांना वकिलाची नोटीस पाठवली होती, मला कामावरून काढा म्हणून. बावीसला आली. तुला लिहिलं असतं तर तू परत नाही म्हणाली असतीस. मालकांनी ती आज फाईलला लावली आणि मला पगारी रजा देतो म्हणाले. मी म्हटलं रजा नको, अजून एक माणूस द्या, अशा सतरा साइट असतील.

आज खात्याने एक पत्रक काढलंय. 'तांत्रिक त्रुटी दूर करण्यात येत आहे. कोणत्याही माहितीचा गैरवापर झालेला नाही.' हे त्यांना कसं कळलं, ते त्यांनी लिहिलं नाही.

मोठ्या अक्षरातले वीस कागद सोबत. तू बरी आहेस ना? कोणी काही विचारत आलं नाही ना? मला एवढंच लिही.

ताई

४ मार्च

ताई,

कागद लावले. तीन दवाखान्यांत आणि आमच्या हॉस्पिटलच्या बाळंतिणींच्या वॉर्डाबाहेर. रांगेत भेटलेल्या त्या आईने पण वाचला. मला बघितल्यावर शेजारची खुर्ची मोकळी करून दिली.

आता मी बरी आहे का त्याचं उत्तर.

काल जुन्या घरमालकीणबाई धुलाईघराच्या दारात हजर. त्यांना मी कामाचं ठिकाण कधी सांगितलं होतं ते मलाच आठवत नव्हतं. म्हणाल्या, "आठवडा झाला शोधतेय तुला. तो आला होता."

मी विचारलं, कधी? त्या म्हणाल्या, बावीस तारखेला. सकाळी. खाली इस्त्रीवाला असतो, त्याला विचारत होता, तिसऱ्या मजल्यावर मागची खोली कुठून जाते. इस्त्रीवाल्याने बाईंना हाक मारली. बाई म्हणाल्या, "मागच्या खोलीत कोणी राहत नाही. मी तिथे जुन्या गाद्या ठेवते." तर तो म्हणाला, "मला शिकवू नका. ती सरकारला लिहिते की मी मारतो. वाचलंय मी सगळं." आणि वर जाऊन लाथ घालून दार उघडलं. आत काही नव्हतं. खिडकीत गोटीचा एक मोजा वाळत राहिला होता म्हणे, तो खिशात घालून गेला.

बावीस, ताई. तुझी बातमी सव्वीसची. त्याने ती वाचायच्या चार दिवस आधीच सगळं वाचलं होतं. मी पहिल्या पत्रात तुला सांगत होते की छापलंस तर त्याला कळेल. त्याला कळायला आपली काही गरज नव्हती. कार्ड होतं, फोन होता, आणि दिवसभर रिकामा वेळ होता. आपण दोघी गप्प राहिलो असतो तर मी आजही त्याच खोलीत असते आणि मला वाटत असतं की कोणाला काही माहीत नाही.

हे कळल्यावर मी तासभर पायरीवर बसून राहिले. मग उठले आणि घरमालकीणबाईंना म्हटलं, चला चौकीत.

तू म्हणशील, बारकी आणि चौकी! मागे एकदा गेले होते तेव्हा घरातलं भांडण घरात मिटवा म्हणून परत पाठवलं होतं. या वेळी मावशी, घरमालकीणबाई, इस्त्रीवाला, आणि गोटी, सगळी वरात घेऊन गेले. सुपरवायझरने सुट्टी दिली, वर म्हणाली, "रडायचं नाही, चादरींचे नंबर सांगतेस तसं सांग." मी तसंच सांगितलं. पहिलं हे झालं, दुसरं हे झालं. टेबलावरच्या साहेबांनी विचारलं, "त्याला पत्ता मिळाला कुठून?" मी तू पाठवलेलं छापील पान पुढे ठेवलं, तारीख-वेळेसकट. त्याच्यावर तुझं कात्रण ठेवलं. त्यांनी दोन्ही वाचलं. मग उठून आतून दुसऱ्या साहेबांना घेऊन आले. त्यांनी पण वाचलं. मग सगळं लिहून घेतलं, इस्त्रीवाल्याचं पण. सही-शिक्क्याची प्रत माझ्याकडे आहे, त्याला बोलावणं गेलंय.

तरी भीती आहेच. जिन्यात पाय वाजले की अजून आधी कडी बघते. पण आज सकाळी दार वाजलं, गोटीने तोंडावर हात ठेवला, आणि मी तो काढला. म्हटलं, "हाक मार, कोण आहे विचार." तिने विचारलं, तिच्या भाषेत. मावशी होत्या.

आता तुझ्या थोरल्या साहेबांना सांग, दुसरी बातमी हवी. ते खातं म्हणतं ना, गैरवापर झालेला नाही? झालाय. चौकीत लिहिलेला आहे, शिक्का आहे. प्रत सोबत पाठवतेय. आपण चोराला वाट दाखवू का, असं ते विचारत होते ना, त्यांना हे पहिल्यांदा वाचायला दे.

माझं नाव घालू नको आणि गावही नको. तारखा मात्र घाल, दोन्ही, बावीस आणि सव्वीस, आणि कोणती आधी येते ते ठळक दिसू दे. घरमालकीणबाईंनी त्या दाराचा फोटो काढून दिलाय. कडी चौकटीपासून उपटलीय आणि एक खिळा लोंबतोय. दार सगळं दाखवायची गरज नाही. कडी तेवढी मोठी करून लाव.

बारकी